स्पिटफायरच्या चाकांना लांब आणि मजबूत स्टड घालायचे आहेत, कोणते घ्यावेत?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, म्हणजे जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार आहे. मूळचे लोखंडी रिम काढून गेल्या वर्षी तुम्ही अलॉय बसवले. निपाणीहून संकेश्वरकडे येताना तवंदी घाटात मागच्या डाव्या चाकातून टकटक आवाज यायला लागला. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर चारातला एक स्टड (हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, रोवलेला आटेदार बोल्ट) तुटून नटासकट गेलेला, आणि शेजारचा नट बोटांनी फिरतोय. आता जो तो सांगतोय की १२.९ ग्रेडचे लांब स्टड घाला. तुम्ही विचारताय की असे स्टड बेळगावात उद्यमबागेत करून मिळतील का, आणि किती लांब घ्यावेत.

करून मिळतील. उद्यमबागेत लेथवर न होणारी वस्तू शोधावी लागते. पण तुम्ही ते करून घेऊ नका, आणि १२.९ च्या मागेही लागू नका. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण चाक निखळलं तर नुकसान फक्त गाडीवाल्याचं होत नाही, रस्त्यावरून चालणाऱ्याचंही होतं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की अलॉय बसवल्यापासून नट पाच-साडेपाच फेऱ्यांतच घट्ट बसतो. तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. या गाडीचा मूळ स्टड ३/८ इंच यूएनएफ (बारीक इंग्रजी आटे), म्हणजे एका इंचात २४ आटे. दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, १.०६ मिलिमीटर धरा. पोलादी नट असेल तर स्टडच्या व्यासाइतकी लांबी तरी नटाने पकडायला हवी. ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे किमान नऊ फेऱ्या. लोखंडी रिमच्या पातळ पत्र्यावर त्या सहज मिळत होत्या. अलॉयची बैठक जाड असते, ती जाडी स्टडनेच भरून काढली आणि नटाला निम्मेच आटे उरले. त्यामुळे लांब स्टड तुम्हाला हवेतच, त्यात वाद नाही. ते जास्त कडक पोलादाचे हवेत का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि लोक नेमके हे दोन प्रश्न एकत्र करतात.

आता चाक हबला धरून कसं राहतं ते बघू. पुष्कळांना वाटतं की चाक स्टडांवर टांगलेलं असतं आणि गाडीचं वजन स्टड पेलतात. तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीने चाक हबवर दाबलं जातं. त्या दाबामुळे दोन सपाट पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते चाकाला जागेवर धरतं. ब्रेक, वळण, खड्डा, सगळ्यांचा जोर ते घर्षण पेलतं. स्टडवर आडवा जोर यायला लागला याचा अर्थ घर्षण हरलेलं आहे आणि चाक हबवर सरकायला लागलंय. तुमची टकटक तीच होती.

थोडा हिशेब करू. ३/८ चा कोरडा, स्वच्छ स्टड ६० न्यूटन-मीटरला आवळला तर साधारण तीन टनांचा दाब मिळतो. चार स्टडांचे बारा टन. रिम आणि हबमधला घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर चाक सरकण्याआधी १.८ टनांचा विरोध होतो. आता पुढच्या चाकाचा जोराचा ब्रेक घ्या. टायर रस्त्याला अडीचशे किलोच्या जोराने धरतोय असं समजा. टायरची त्रिज्या २९० मिलिमीटरच्या आसपास. स्पिटफायरचे चार स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मात्र ९५.२५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या अठ्ठेचाळीसही नाही. म्हणून तो जोर स्टडांच्या वर्तुळावर सहापट होऊन येतो, अडीचशे किलोचे दीड टन. १.८ समोर दीड, म्हणजे भागतं, पण हातात फार काही उरत नाही. आता एक स्टड तुटला असं धरा. तीन स्टडांचे नऊ टन, घर्षण १.३५ टन. दीडपेक्षा कमी. म्हणून एक स्टड गेला की बाकीचे एकामागोमाग जातात. तुमच्या शेजारच्या नटाचं तेच चाललं होतं. हे आकडे ढोबळ आहेत, शंकूच्या बैठकीवरही थोडा जोर निभावतो, पण चित्र खरं आहे. या गाडीत मुळातच शिल्लक कमी आहे.

ती कमी का आहे, तेही समजून घ्या. स्पिटफायर १९६२ ची, आणि तिची चासी १९५९ च्या हेराल्डची आखूड केलेली. आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून निघालेली स्टँडर्ड हेराल्ड त्याच घराण्यातली. बेळगाव, कोल्हापूर भागातल्या म्हाताऱ्या फिटरांना म्हणून हे हब चांगले ठाऊक आहेत. सातशे-साडेसातशे किलोची हलकी गाडी, अरुंद टायर, बारीक इंजिन, त्या हिशेबाने ३/८ चा स्टड चुकीचा नव्हता. आपण रुंद अलॉय आणि पकड असलेले आजचे टायर घालतो तेव्हा तो हिशेब बदलतो.

आता १२.९ बद्दल. ग्रेडचे आकडे असे वाचायचे: ८.८ म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर ८०० न्यूटनला तुटणारं आणि ६४० ला कायमचं ताणलं जाणारं पोलाद. १०.९ मध्ये तेच आकडे १००० आणि ९००, १२.९ मध्ये १२०० आणि १०८०. ऐकायला १२.९ सगळ्यात भारी वाटतं. पण त्याच व्यासाचा ८.८ चा स्टड आणि १२.९ चा स्टड एकाच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या सारख्याच पिळाला, आवळले तर चाकावर दोघांचा दाब सारखाच पडतो. कडक पोलाद आपणहून जास्त दाबत नाही. जास्त दाब हवा तर जास्त आवळायला हवं. बारीक स्टडवर जास्त आवळलं की नटाचे आटे, अलॉयची शंकूची बैठक आणि हबमधली स्टडची पकड, यातलं काहीतरी आधी हार मानतं.

तुमचा स्टड नक्की कशाने तुटला हे हबमध्ये राहिलेल्या तुकड्यावर लिहिलेलं आहे. तो फेकू नका. तुटलेला पृष्ठभाग पेट्रोलने धुऊन उजेडात तिरका धरून बघा. बराचसा भाग गुळगुळीत आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वाकड्या रेघा, आणि एका कडेला थोडा खरखरीत भाग, असं दिसलं तर तो थकून तुटलाय. सैल राहून हजारो वेळा थोडा थोडा वाकला, एका आट्याच्या मुळाशी तडा पडला, तो रोज पुढे सरकत गेला आणि शेवटी उरलेला भाग एकदम सुटला. त्याऐवजी तुटायच्या जागी स्टड बारीक झालेला, ओढल्यासारखा दिसला तर कुणीतरी जास्त आवळून तो मारलाय. आणि अख्खा भाग खडीसाखर फुटल्यासारखा दाणेदार, सपाट असेल, तर पोलादात किंवा त्याच्या प्लेटिंगमध्ये दोष आहे. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून पहिला प्रकार असणार असा माझा अंदाज आहे, पण दुसरा त्याच्या आधी घडून गेलेला असू शकतो. तो असा घडतो.

आपल्याकडे पंक्चरवाला नट लावताना आट्यांवर ऑइलचं बोट फिरवतो आणि एअर गनने दाबतो. त्याच्या डोळ्यांसमोर ट्रक आणि जीप असतात, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण हिशेब बघा. ३/८ च्या स्टडचं ताण घेणारं क्षेत्रफळ जेमतेम ५७ चौरस मिलिमीटर. कोरड्या आट्यांवर ६० न्यूटन-मीटरला त्यात साडेपाचशेच्या वर ताण येतो. ८.८ चा स्टड असेल तर ६४० ची हद्द तिथून फार लांब नाही. आता ऑइलमुळे आट्यांतलं घर्षण पाव हिश्श्याने कमी झालं, की त्याच टॉर्कला ताण सातशेच्या वर जातो. हद्द ओलांडली, स्टड कायमचा लांब झाला. असा स्टड परत ओढ धरत नाही. नट घट्ट लागला असं वाटतं आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर सैल झालेला सापडतो. तुमच्या चाकाला गेल्या वर्षभरात गन लागली असेल, तर चारही चाकांचे सगळे जुने स्टड बाद समजा. त्यांतला कोणता ताणलाय हे तपासायला आट्यांवर थ्रेड गेज धरा किंवा नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. मधेच अडकला तर पिच बदललाय.

मग उपाय काय? माझ्या अनुभवात एकच खरा उपाय आहे. व्यास वाढवा, पोलाद १०.९ ठेवा, लांबी मोजून घ्या. ३/८ च्या ५७ चौरस मिलिमीटरसमोर ७/१६ यूएनएफला साडेशहात्तर मिळतात, आणि एम १२ बाय १.५ ला (१२ मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर पिच) ८८, म्हणजे दीडपटीहून जास्त. एम १२ चा स्टड ९० न्यूटन-मीटरला कोरडा आवळला तर पावणेचार टनांचा दाब येतो आणि ताण सव्वाचारशेच्या आसपास राहतो. १०.९ च्या नऊशेच्या हद्दीचा निम्माही नाही. दाब जास्त, ताण कमी, दोन्ही एकदम मिळतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: मोठा स्टड घालून जुन्याच टॉर्कला आवळला तर दाब वाढत नाही, उलट कमी होतो. एम १२ ला साठच दिले तर अडीच टनांच्या आसपासच मिळतात, जुन्या स्टडपेक्षा कमी. स्टड बदलला की टॉर्कही बदलायचा. वरची मर्यादा तुमच्या अलॉय बनवणाऱ्याने दिलेली असेल तर तीच मानायची.

७/१६ की एम १२, हे तुमच्या परिस्थितीवर आहे. गाडी शक्य तितकी मूळ स्वरूपात ठेवायची असेल तर ७/१६ बरा. इंग्रजी आटे राहतात, हब थोडाच मोठा करावा लागतो. पण नट हरवला तर चिकोडीत, निपाणीत मिळणार नाही, मागवून वाट बघायची. एम १२ बाय १.५ चा नट होंडा, टोयोटा, ह्युंदाईला चालतो, त्यामुळे कुठल्याही गावच्या टायरवाल्याच्या डब्यात सापडतो. मी म्हणून या भागात गाडी चालवणाऱ्यांना एम १२ बाय १.५ सुचवतो. यात एक धोका आहे. मारुतीचा नट एम १२ बाय १.२५ असतो. दिसायला तोच, पहिला एखादा आटा धरतोही, आणि गन लावली की आटे कापत पुढे जातो. डिकीत चार-पाच जादा नट ठेवा आणि दर वेळी पहिल्या पाच-सहा फेऱ्या हातानेच फिरवा. आणि तुम्ही परत मूळ लोखंडी रिमवर जाऊन सावकाश चालवणार असाल तर यातलं काहीच करू नका. चांगल्या कंपनीचे मूळ लांबीचे नवे ३/८ स्टड घाला, टॉर्क पाना वापरा, गाडी सुखाने चालेल.

आता करून घेऊ नका असं का म्हणालो ते. कारखान्यात बनलेल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, दाबून रोल केलेले असतात. पोलादाचे तंतू आट्याच्या वळणाप्रमाणे वळतात आणि मुळाशी गुळगुळीत गोलाई राहते. लेथवर टूलने कापलेल्या आट्यात ते तंतू तुटतात, आणि मुळाशी टूलची बारीक चर राहते. थकून तुटणाऱ्या वस्तूचा तडा त्या चरेतूनच सुरू होतो. ईएन २४ या मजबूत मिश्र पोलादाचा बार आणून सुबक स्टड काढणारे टर्नर आपल्याकडे आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण चाकाच्या स्टडला लागतो तो आटा लेथवर होत नाही.

हे मी माझ्या शॉपमध्ये शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या गाडीचे आठ स्टड मी ईएन २४ मधून काढले, जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं या समजुतीने हार्डनिंग चढं ठेवलं, आणि गंजू नयेत म्हणून बाहेरून पिवळं झिंक प्लेटिंग करून आणलं. संध्याकाळी बसवले, टॉर्क देऊन गाडी शॉपमध्येच ठेवली. सकाळी पोरगा चाक पुसत होता. त्याचं फडकं लागलं आणि एक नट तुटलेल्या तुकड्यासकट त्याच्या हातात आला. गाडी रात्रभर जागची हललेली नव्हती. तुटलेला भाग सपाट, दाणेदार, खडीसाखरेसारखा. विजेने प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो. पोलाद जितकं कडक तितका तो जास्त घातक, आणि ताणाखाली काही तासांनी, काही दिवसांनी स्टड न सांगता तुटतो. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवावं लागतं. मी ते सांगितलं नव्हतं, म्हणून ते झालं नव्हतं. चूक माझी होती. ती गाडी त्या रात्री घाटात असती तर, हा विचार अजूनही येतो. तेव्हापासून १२.९ आणि झिंक प्लेटिंग ही जोडी मी चाकाजवळ येऊ देत नाही.

बाजारातले काळे १२.९ चे ॲलन बोल्टही हबच्या मागच्या बाजूने घालून स्टड म्हणून वापरू नका. त्यांना हबमध्ये धरणारं नर्लिंग (स्टडच्या मानेवरचे खरखरीत दाते) नसतं, मग ते फिरू नयेत म्हणून लोक मागून वेल्डिंगचा टाका मारतात. त्या एका टाक्याने हीट ट्रीटमेंट संपते आणि बोल्ट त्याच जागी तुटतो. विकत घेतलेल्या स्टडच्या डोक्यावर १०.९ चा शिक्का असावा. शंका असेल तर एक स्टड हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेऊन रॉकवेल कडकपणा बघा. १०.९ चा स्टड सी स्केलवर ३२ ते ३९ मध्ये यायला हवा. चाळीसच्या वर गेला तर तो १०.९ नाही, तिसाच्या खाली आला तरी नाही.

लांबी मोजायची माझी रीत सोपी आहे. त्याच मापाची आटे पाडलेली सळई घ्या, हबच्या भोकातून बाहेर काढा, ड्रम, स्पेसर असला तर स्पेसर, आणि अलॉय चढवा, आणि जो नट खरंच वापरणार तोच हाताने घट्ट बसवा. नटाच्या तोंडाबाहेर दोन-तीन आटे दिसतील तिथे मार्करने खूण करा. हबच्या तोंडापासून त्या खुणेपर्यंत जी लांबी, तीच स्टडची बाहेरची लांबी. एम १२ बाय १.५ ला किमान आठ फेऱ्या नटात जायला हव्यात. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी मोजा, आणि स्टेपनीही लावून बघा. स्टेपनी लोखंडी राहणार असेल तर स्टडचे आटे हबच्या तोंडाजवळपर्यंत आलेले हवेत. मधे आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग असेल तर पातळ रिमवर नट त्या भागाला अडून थांबेल आणि चाक सैलच राहील.

लांब स्टडाचा सगळ्यात फसवा धोका टोपीवाल्या क्रोमच्या नटांत आहे. स्टडाचं टोक आत टोपीला टेकतं, पाना कडक लागतो, टॉर्क पाना टक् आवाजही देतो, आणि चाकावर दाब काहीच नसतो. टोपीवाला नट वापरायचाच असेल तर त्याची आतली खोली वर्नियरने मोजा आणि स्टड त्याहून दोन-तीन मिलिमीटर आधी संपतो का बघा. मी दोन्हीकडून उघडे नट वापरतो, आटे डोळ्यांना दिसतात. नटाची बैठकही रिमप्रमाणेच हवी. साठ अंशांच्या शंकूच्या रिमला गोल बैठकीचा नट फक्त एका कडेवर टेकतो आणि ती कड चेपली की सैल होतो. तुमच्या अलॉयची भोकं एम १२ च्या नटाला पुरतात का, हे हबला हात लावण्याआधी बघून घ्या.

हबचं काम घरी होण्यासारखं नाही. स्पिटफायरचा मागचा हब टेपर शाफ्टवर चावीसकट बसलेला असतो आणि पन्नास वर्षांत जाम धरतो. हातोडा मारला तर फ्लँज (हबची तबकडी) वाकतो, मग चाक कधीच सरळ फिरत नाही. त्यासाठी जाड पुलर लागतो, थोडी उष्णता आणि पुष्कळ धीर लागतो. हब निघाला की चावीच्या खाचेपाशी शाफ्टला तडा आहे का हे डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तपासून घ्या. तिथे तडे जातात. आपल्या फाउंड्रीवाल्यांकडे ही सोय असते, पाव तासाचं काम आहे.

भोकं मोठी करायची तर मिलिंग मशीनवर, ९५.२५ च्या वर्तुळावर केंद्र धरून, शेवटचा हात रीमरचा. हातातल्या ड्रिलने केलेलं भोक तिरकं जातं आणि स्टड वाकडा उभा राहतो. भोकाचं माप स्टडच्या नर्लिंगवर ठरतं, म्हणून स्टड हातात आल्याशिवाय भोक करायचं नाही. नर्लिंग भोकापेक्षा एक ते अडीच दशांश मिलिमीटर मोठं असावं. कमी असेल तर स्टड नटाबरोबर फिरतो, जास्त असेल तर फ्लँजला तडा जायची भीती. भोकाच्या कडेला पुरेसं लोखंड उरतंय का तेही बघा. आणि मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही. जुना हब मिळाला तर त्यावर हे काम करा, मूळ हब तेल लावून कपाटात ठेवा.

स्टड बसवायचा तो प्रेसवर, मागून फ्लँजला भोकाजवळच नळीचा आधार देऊन. नट लावून गनने ओढून बसवायची पद्धत सर्रास आहे, पण त्यात नवा स्टड गाडीला लागायच्या आधीच ताणला जातो. दाबून झाल्यावर डोकं पूर्ण टेकलंय का बघा. पुढच्या हबला मागे डोक्याला काही घासत नाही ना, हेही चाक फिरवून बघा. मग हबच्या तोंडावर डायल (उंचसखलपणा मोजणारं घड्याळ) लावा. दाबताना भोकाभोवती लोखंड किंचित वर येतं, तो उंचवटा कानशीने काढून तोंड सपाट करायला हवं, नाहीतर रिम त्या चार उंचवट्यांवरच टेकतो.

आता शेवटची गोष्ट, जी कुणीच तपासत नाही. तुमच्या अलॉयच्या मागच्या तोंडावर पावडर कोटिंग आहे का? एम १२ चा स्टड पूर्ण आवळल्यावर किती ताणला जातो माहीत आहे? आवळलेली लांबी पंचवीस मिलिमीटर धरली तर पन्नास मायक्रॉन, केसापेक्षाही बारीक. पावडर कोटिंगचा एक थर साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो. घाटात ब्रेक तापले, कोटिंग नरम होऊन दबलं, की ती अख्खी पन्नास मायक्रॉनची ओढ संपते. नट कुणीही सैल केलेला नसतो, तरी चाक सैल असतं. मी असे रिम उतरवले आहेत जिथे कोटिंग हबच्या आकारात चेपून कडेला पापुद्र्यासारखं बाहेर आलेलं होतं. रिमचं मागचं तोंड, ड्रमचं तोंड, हबचं तोंड आणि नटाची बैठक उघड्या धातूपर्यंत स्वच्छ करा. आपल्याकडच्या पावसात गंज येईल म्हणून जाड रंगाचा मोह होतो. हबच्या मधल्या गोलावर पुसट ग्रीस लावा, दाबाच्या तोंडावर आणि आट्यांवर काही नाही.

आवळताना गाडी जॅकवर असताना समोरासमोरच्या जोड्या धरून निम्म्या टॉर्कला, मग जमिनीवर उतरवून पूर्ण. पन्नास-साठ किलोमीटरवर, रिम थंड असताना, परत टॉर्क. म्हणजे तेवढी फेरी मारून या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पहिल्या वेळी थोडा फिरला तर समजण्यासारखं आहे. दुसऱ्यांदा परत फिरला तर गाडी थांबवा आणि तोंडं उघडून बघा, नुसतं आवळत राहू नका. आणि हे झाल्यावर स्टड सगळ्यात बळकट झाले म्हणून आणखी रुंद चाकं घालू नका. त्यानंतरचा भार पुढच्या स्टब अ‍ॅक्सलवर आणि मागच्या शाफ्टवर जातो, आणि त्या गाडीत ते दोन्ही काही अवाढव्य नाहीत.

हब काढलात की मला चार मापं कळवा: जुन्या स्टडच्या भोकाचा व्यास, फ्लँजची जाडी, भोकापासून फ्लँजच्या कडेपर्यंत उरलेलं लोखंड, आणि रिमच्या मागच्या तोंडापासून नटाच्या बैठकीपर्यंतची खोली. तुटलेल्या तुकड्याचा जवळून काढलेला एक फोटोही टाका. त्यावरून कोणत्या नर्लिंगचा, किती लांबीचा स्टड मागवायचा ते सांगतो. तोवर गाडी त्या चाकांवर बाहेर काढू नका, शेतापर्यंतसुद्धा नाही.